गिंकोच्या सात बाटल्या आणि आईची दाढ

गेल्या आठवड्यात आईची दाढ काढायची होती. डेंटिस्ट मॅडमनी चालू गोळ्या विचारल्या. बीपीची आणि अ‍ॅस्पिरिन 75 सांगून झाल्यावर आई म्हणाली, "आणि ती मेंदूच्या रक्ताभिसरणाची." मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. ती म्हणजे गिंको, त्याच नावाच्या झाडाच्या पानांची गोळी; बाटलीवर मेंदूचं रक्ताभिसरण आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा. अ‍ॅस्पिरिनवर गिंको म्हणजे रक्तस्रावाची भीती. दाढ पुढे ढकलली. इतके महिने आपण आईला हे देत होतो, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

साडेसात महिन्यांत सात बाटल्या, प्रत्येकी 749 रुपये. सुरुवातीला मी खूश होते. आई शब्दकोडं पूर्ण सोडवायची, माणसांची नावं पटकन आठवायची. मग मे महिन्यात कुरियर तीन आठवडे रखडलं, गोळ्या बंद होत्या, आणि कोडं तसंच सुटत होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

दाढेच्या प्रकरणानंतर बाटली भिंगाखाली धरली. पुढे ठळक '120 मिग्रॅ', मागे बारीक अक्षरात 'पानांची पूड'. पूड! संशोधनात वापरतात तो अर्क. साधारण 50 किलो सुक्या पानांतून 1 किलो निघतो, त्यात 24 टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि 6 टक्के टर्पीन लॅक्टोन असतात, म्हणजे पानांतले कामाचे मानले जाणारे घटक. म्हणजे आमच्या गोळीत अर्काच्या हिशेबाने जेमतेम अडीच मिलिग्रॅम. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. "तज्ज्ञांशी बोलून कळवतो." अजून कळवताहेत.

रागाच्या भरात खरा अर्क मागवायला निघाले होते. बरं झालं आधी वाचलं. अमेरिकेत 3,069 वृद्धांना सरासरी सहा वर्षं तपासलं, निम्म्यांना रोज 240 मिग्रॅ खरा अर्क, बाकीच्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. निकाल 2008 मध्ये आला: गिंकोवाल्यांत 277 जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), दुसऱ्या गटात 246. म्हणजे गिंकोने आजार टळला नाही. फ्रान्समध्ये 2,800 हून जास्त लोकांवर पाच वर्षं हेच केलं, 2012 मध्ये उत्तर तेच. मेंदूतला रक्तप्रवाह किंचित वाढल्याचं छोट्या एमआरआय अभ्यासात दिसलंय, बाटलीवरचा दावा बहुधा तिथूनच उचललाय. पण प्रवाह वाढला म्हणून स्मरण टिकलं, हे त्या हजारो माणसांत दिसलं नाही. डिमेन्शिया झालेल्यांवरच्या काही चाचण्यांत थोडा फायदा नोंदलाय. आईला तो आजार नाही.

आता फॅमिली डॉक्टरांनी गिंको बंद करून फाइलवर लाल पेनाने लिहून दिलंय. आईची दाढ येत्या गुरुवारी.