‘बॅकअप यशस्वी’ : स्वयंचलित सर्व्हर-देखभालीच्या नावाखाली गेलेले ४,७४,१०० रुपये

इचलकरंजीतील आमच्या सायझिंगच्या (विणण्याआधी सुताला खळ लावण्याच्या कारखान्याच्या) कार्यालयात एक सर्व्हर आणि ११ संगणक आहेत. टॅलीचा हिशेब, बीमच्या (सूत गुंडाळलेल्या रुळांच्या) नोंदी, जॉबवर्कची चलने आणि कामगारांचे पगार हे सारे त्या एकाच सर्व्हरवर चालते. पूर्णवेळ संगणकतज्ज्ञ ठेवणे आमच्या आकाराच्या धंद्याला परवडत नाही, म्हणून आम्ही देखभाल बाहेर सोपवली, आणि ज्याच्याकडे सोपवली त्याने १४ महिने आम्हाला पद्धतशीरपणे लुबाडले.

अशा माणसांचे बोलणे कसे असते ते बहुतेकांना ठाऊक असेल. रोजचा बॅकअप, विंडोजचे अपडेट, विसरलेले पासवर्ड, नव्या माणसाचे खाते, डिस्क भरत आल्याची सूचना ही सगळी कामे आपोआप होतील आणि मालकाने पहाटेचा मेल तेवढा पाहावा, असे ठरले. सुरुवातीच्या जोडणीचे ४५,००० आणि ‘ऑटोमेशन सॉफ्टवेअरच्या परवान्याचे’ ६४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,२८,६२० रुपये आम्ही पहिल्याच आठवड्यात दिले. पुढे दरमहा ९,५०० आणि कर मिळून ११,२१० रुपये जात राहिले. त्यांतले ३,५०० क्लाउडवरील प्रतीचे होते. १४ महिन्यांचे हे १,५६,९४० रुपये झाले.

ते सॉफ्टवेअर म्हणजे काय होते, हे सर्व्हरची डिस्क गेल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने उघडून दाखवले. नोटपॅडमध्ये लिहिलेली काही ओळींची एक फाइल आणि ती रात्री चालवणारा टास्क शेड्युलर, एवढेच. फाइलीतली रोबोकॉपी ही फाइलींची प्रत करणारी आज्ञाही विंडोजबरोबर फुकटच येते. तिला ‘मिरर’ करायला सांगितले होते, म्हणजे मूळ जागी काही पुसले गेले की प्रतीतूनही ते पुसले जाणार. याला बॅकअप म्हणणे हीच मुळात लबाडी आहे. त्यातही बाहेरची डिस्क बदलल्यावर विंडोजने तिला दिलेले ड्राइव्हचे अक्षर बदलले होते आणि फाइलीत जुनेच राहिले होते, त्यामुळे ७ महिने एकही फाइल कुठेही उतरली नव्हती. क्लाउडवर आमच्या नावाचे काहीच नव्हते. आणि पहाटेचा मेल आमच्या सर्व्हरवरून निघतच नव्हता. तो त्या इसमाच्या स्वतःच्या संगणकावरून ठरल्या वेळी सुटत असे.

हे आम्हाला कळायला हवे होते अशी एक रात्र येऊन गेली होती, आणि ती आठवली की आजही माझा संताप होतो. फीडरच्या (वीजवाहिनीच्या) कामासाठी संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज बंद होती. यूपीएस संपण्याआधी सर्व्हर मी स्वतःच्या हाताने बंद केला होता. तरीही रात्री २ वाजून १० मिनिटांनी मेल आला : ‘बॅकअप यशस्वी, ४१.७ जीबी’. मी तो मेल वाचला, आणि तो आला कसा असे सकाळी त्याला फोन करून विचारलेसुद्धा. तो म्हणाला, “शेठ, तुमचा सर्व्हर बंद असला तरी क्लाउडवरची प्रत आमच्याकडून ताजी होत असते.” सूत आणि खळ यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने यापुढे काय विचारायचे? आमच्या बॉयलरला तपासणीचा दाखला लागतो, तो चालवणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागते. लोकांचा सगळा हिशेब ज्याच्या हाती जातो त्या माणसाला मात्र कसलाच दाखला लागत नाही. तरीही, आदल्या दिवशी ४१.७, त्याच्या आदल्या दिवशी ४१.७, रोज नव्या नोंदी होत असताना आकडा तसूभरही हलत नाही, हे आमच्या लेखनिकाला दिसले नाही आणि मलाही दिसले नाही. ज्यांना असे मेल येतात त्यांनी एका रात्री कोणाला न सांगता सर्व्हर बंद ठेवून पाहावा.

दुसरी खूण करात होती. पुरवठादारांनी दाखवलेली बिले खरेदीदाराला जीएसटीच्या ज्या विवरणपत्रात दिसतात, त्या जीएसटीआर-२बी मध्ये त्याची बिले कधीच दिसली नाहीत. तो तिमाही विवरण भरतो, असे आमच्या हिशेबनिसाला सांगण्यात आले होते आणि तशी योजना खरोखरच आहे, म्हणून आम्ही थांबलो. आमच्याकडून कर म्हणून घेतलेले ४३,५६० रुपये त्याने भरलेच नाहीत, आणि पुरवठादाराने बिल दाखवल्याशिवाय आम्हाला त्याचे क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून वजावट, मिळत नाही. नव्या ठेकेदाराच्या पहिल्या दोन तिमाही २बी मध्ये तपासल्याशिवाय तिसऱ्या तिमाहीचे पैसे देऊ नका.

डिस्कमधला डेटा काढून घेण्यासाठी पुण्यातील प्रयोगशाळेला ९२,०४० रुपये दिले. निम्म्याहून कमी हाती लागला. उरलेल्या नोंदी कागदावरून पुन्हा भरण्याची मजुरी ६१,५०० झाली. पैसे थांबवताच त्या इसमाने आमचे कंपनीचे मेल बंद पाडले, कारण डोमेन (मेलच्या पत्त्यातले कंपनीचे नाव) त्याने स्वतःच्या नावावर घेतले होते, आणि ‘हस्तांतरण शुल्क’ म्हणून ३५,००० रुपये बिलाशिवाय उकळले. डोमेन आणि क्लाउडचे खाते मालकाच्याच नावावर असले पाहिजे. पासवर्ड बदलून देण्यापुरता अधिकार विंडोजच्या सर्व्हरवर वेगळा देता येतो. त्यासाठी कोणालाही संपूर्ण ॲडमिन करण्याची गरज नसते. त्याने मात्र पहिल्याच दिवशी तेच मागून घेतले होते.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी बिले चाळली आणि सांगितले, “शेठ, हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जावा.” तिथून सायबर शाखेकडे पाठवले. तिथे ओटीपी दिला होता का, लिंक दाबली होती का, एवढेच विचारले. दोन्ही नाही म्हटल्यावर तक्रार कोणत्या रकान्यात बसवायची हेच त्यांना कळेना. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक खात्यातून नुकतेच गेलेले पैसे अडवण्यासाठी आहे; आमचे पैसे तर बिलावर, एनईएफटीने, आमच्याच सहीने गेलेले. ग्राहक आयोगाचे दारही बंद, कारण २०१९ च्या कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्यात बसत नाही. कर कार्यालयाने तर क्रेडिट घेतले असल्यास ते आधी व्याजासह परत करा, असे आम्हालाच सुनावले, आणि ज्याने कर बुडवला त्याच्याविरुद्धचा अर्ज आवक शिक्का मारून ठेवून दिला. म्हणजे फसवणाऱ्याला कोणीही एक फोन केला नाही, कागद मागितले ते फसलेल्याकडेच!

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये हक्काच्या माणसाला त्याच्याच यंत्रणेपासून अडवून ठेवणे येते, आणि कलम ४६ खाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे मांडता येतो, हे यांपैकी एकाही कार्यालयाने सांगितले नाही. ते एका वकिलांनी सांगितले. अर्ज तयार होत आहे. त्यांची फी शीर्षकातल्या आकड्यात धरलेली नाही.