10 जोड्यांचा ल्यूट की 11 जोड्यांचा?

ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य; त्याच्या तारा जोडीजोडीने असतात आणि एखादी एकेरी तारही जोडी म्हणूनच मोजतात. गिटार सोडून फ्रेंच ल्यूटकडे वळणाऱ्याला वाद्य बहुधा एकच परवडतं. मनात 1600 ते 1640 च्या दरम्यानचं संगीत असेल, तर बिनधास्त 10 जोड्यांचा ल्यूट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

ल्यूटवादक रॉबर्ट बालारची 1611 आणि 1614 ची पुस्तकं याच वाद्याची. तारा जुन्या पद्धतीने लावायच्या: वरच्या सहा जोड्यांत शेजारच्या दोन जोड्यांमध्ये सा-म अंतर, फक्त मधोमध सा-ग. संगीत नाचाचं, ताल ठसठशीत, चाल वर स्पष्ट ऐकू येते. खेड्यातल्या नाचांवर बेतलेल्या त्याच्या रचनांत खर्ज एकाच सुरावर घुमत राहतो, अगदी बॅगपाइपसारखा. डाव्या हाताला मात्र भरपूर काम.

11 जोड्यांचा ल्यूट म्हणजे एनमाँ गोतिए आणि द्नी गोतिए, पुढे शार्ल मूताँ या वादक-रचनाकारांचं संगीत. वरच्या दोन तारा एकेरी, बाकी नऊ जोड्या. मोकळ्या तारा छेडल्या की डी मायनर हा स्वरसंघ आपोआप वाजतो, म्हणून डावा हात सुटा राहतो आणि सूर रेंगाळतात. इथे चाल सहज हाती लागत नाही. स्वरसंघातले सूर एकेक करून उमटतात, धागा वरच्या तारेवरून खर्जाकडे जातो आणि परत येतो. ल्यूटवादक मेझांजो 1638 मध्ये गेला. त्याच्या स्मरणार्थ एनमाँने रचलेला तोंबो, म्हणजे शोकरचना, संथ वाजवून पाहा. दोन सुरांमधल्या जागेतही शोक ऐकू येतो. मला या साऱ्या संगीतात याहून जवळचं काही नाही.

मग तरीही 10 का? कारण मधला काळ. मुद्रक प्येर बालारने 1631 आणि 1638 मध्ये छापलेल्या संग्रहांत मेझांजो, द्युफो वगैरे मंडळी नवनव्या पद्धतींनी तारा लावून पाहताहेत, आणि त्यांच्या हातात 10 जोड्यांचंच वाद्य आहे. रागाप्रमाणे तरफा लावणाऱ्या सतारवादकाला हे वेगळं सांगायला नको. जुन्या पद्धतीतून डी मायनरच्या जुळणीकडे जायला पहिली तार एक स्वर खाली, पाचवी-सहावी जोडी एक स्वर वर. मधल्या तीन जागच्या जागी. पाचवी-सहावी मुळातच जरा बारीक लावा, नाहीतर ताण वाढून तात (आतड्याची तार) तुटते. दोन्हीकडचं टॅब्लेचर, म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते दाखवणारं लेखन, तेच, फ्रेंच अक्षरांचं, त्यामुळे वाचन नव्याने शिकावं लागत नाही.

अडचण येते ती 1640 नंतरच्या रचनांत. तिथे अकरावा खर्ज सारखा लागतो आणि तो वरच्या सप्तकात उचलून वाजवला की रचनेचा पायाच जातो. तेव्हा 1652 च्या सुमाराची द्नी गोतिएचा ‘ला रेतोरिक दे दिय’ हा संग्रह किंवा मूताँच वाजवायचा असेल, आणि रॉबर्ट बालारच्या नाचांची ओढ नसेल, तर थेट 11 जोड्यांचा घ्या.