नऊ महिने घरचे ग्रॅनोला बार: पाक जमला तेव्हा बार जमला

गेल्या ऑक्टोबरपासून मी घरी ग्रॅनोला बार करते आहे. दर पंधरवड्याला रविवारी ट्रेक असतो, आणि विकतच्या एका बारला पन्नास रुपयांच्या आसपास मोजावे लागत. चव बरी असायची, पण मागची यादी वाचली की साखर दोन-तीन नावांनी लिहिलेली दिसायची. म्हणून घरी करून पाहायचं ठरवलं. आता जुलै उजाडलाय. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी माझे पहिले तीन महिने टाळावेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला ट्रे दिसायला सुंदर होता. राजगडावर पद्मावती माचीला बसून पुडी सोडली, तर आत बार नव्हताच, सगळा चुरा. मग मध वाढवला, तर बार हाताला चिकटायला लागले. मध कमी करून चिकीचा गूळ घातला, तर इतके कडक झाले की दाढेला त्रास व्हायला लागला. डिसेंबरपर्यंत हेच चाललं होतं.

संक्रांतीला आई तिळाच्या वड्या करायला आली आणि तिने माझी पद्धत बघितली. मी गूळ वितळला की लगेच ओट्सवर ओतत होते. ती म्हणाली, "अगं, हा पाक झालाच नाही, नुसता गूळ पातळ झालाय." तिने वाटीत गार पाणी घेतलं आणि पाकाचा एक थेंब टाकला. तो पसरला. मिनिटभराने दुसरा टाकला, तो तळाशी बसला आणि बोटांनी गोळा केल्यावर मऊ गोळी झाली. "आता गॅस बंद." चिकीला याच्याही पुढे जायचं असतं, थेंब कडक होऊन मोडेपर्यंत. बारसाठी गोळीबंद पाकावरच थांबायचं. पुढे मी थर्मामीटर घेतला, तेव्हा कळलं की ही वेळ साधारण 115 ते 118 अंश सेल्सिअसला येते. वाटीतलं पाणीही तितकंच खात्रीचं आहे.

दुसरी गोष्टही तिनेच दाखवली: दाब. मी चमच्याने मिश्रण नुसतं सारखं करत होते. तिने सपाट बुडाच्या वाटीला तूप लावलं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अंगाचं वजन देऊन थापलं. आता मी दोनदा थापते, एकदा गरम असताना आणि एकदा ओव्हनमधून काढल्या काढल्या.

तिसरी सुधारणा माझी. पाव भाग ओट्स मिक्सरला फिरवून भरड पीठ करून घालायचं. अख्ख्या दाण्यांमधल्या फटी त्याने भरतात आणि बार कापताना तुटत नाही.

आज माझं प्रमाण असं आहे, 20 सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी: रोल्ड ओट्स 200 ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे 60, बदाम 40, भोपळ्याच्या बिया 30, राजगिऱ्याच्या लाह्या 25, तीळ 20, जवस 15. बांधणीला साधा गूळ 100, मध 60, पीनट बटर 50, तूप 25 आणि मीठ चिमूटभर. लाह्या सोडून बाकी कोरडं जिन्नस मंद आचेवर खमंग भाजून घ्या. ओट्स कच्चे राहिले तर बारला पिठूळ चव येते, ती कशानेही जात नाही. तुपात गुळाचा पाक करा, गॅस बंद केल्यावर मध आणि पीनट बटर घाला, आणि झटपट कालवा. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये थापून 150 अंशांवर 18 मिनिटं. कोमट असताना सुरी सरळ खाली दाबून खुणा करा, पुढेमागे ओढू नका. वेगळे करायचे ते पूर्ण गार झाल्यावर. मला इथे धीर धरायला शिकावं लागलं.

बारा बार होतात, प्रत्येकी सुमारे 50 ग्रॅम आणि माझ्या हिशेबाने 240 कॅलरी. एकाला खर्च वीज धरून सोळा-सतरा रुपये येतो. एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगायची आहे. गूळ आणि मध मिळून एका बारमध्ये 13 ग्रॅम पडतात, म्हणजे जवळजवळ तीन चहाचे चमचे गोड. गूळ म्हणजेही बहुतांशी साखरच. डोंगर चढताना हा बार उत्तम आहे, पण रोज टीव्हीसमोर दोन खायचा पदार्थ हा नव्हे. बहिणीचं बाळ दहा महिन्यांचं आहे, त्याला मी चाखायलाही देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

जूनमध्ये पुन्हा परीक्षा झाली. हिवाळ्यात दोन आठवडे टिकणारे बार तिसऱ्या दिवशी ओलसर झाले. कारण मधातच आहे. त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज गुळाचा पाक रवाळ होऊ देत नाही आणि बार मऊ ठेवतं, पण तेच हवेतला ओलावाही ओढतं. म्हणून पावसाळ्यात मी मध 30 आणि गूळ 130 घेते, पाच मिनिटं जास्त भाजते, आणि प्रत्येक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. आता आठवडा निभतो.

शेंगदाणे आणि जवस घालण्याआधी एकेक दाणा चावून बघा. मार्चमध्ये खवट शेंगदाण्यांनी माझा अख्खा ट्रे वाया घालवला. भाजल्यावर तो वास जाईल असं वाटलं होतं, उलट तो वाढला.

बेदाणे मी सोडून दिले, भाजताना करपून कडू होतात. खजुराचा एक ट्रे केला होता, गूळ निम्मा करून. चव फार छान, पण तो फ्रिजबाहेर टिकला नाही, म्हणून ट्रेकला नेत नाही, घरीच खातो. कडेचा जो थोडा चुरा अजूनही पडतो, तो एका बरणीत साठवते. सोमवारी सकाळी दह्यावर तोच असतो.