कांद्याच्या आवकेसाठी जेडेमेट्रा+ : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जेडेमेट्रा+ हे आकड्यांतून हंगाम आणि सण बाजूला काढणारं सॉफ्टवेअर गेल्या दिवाळीच्या आधीपासून वापरतोय, आता बऱ्यापैकी हात बसलाय म्हणून लिहितो. लांबलचक आहे, ज्यांना दर महिन्याचे आकडे घेऊन रिपोर्ट करावे लागतात त्यांनीच वाचा, बाकीच्यांना कंटाळा येईल.

आधी कशासाठी लागलं ते. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ऑफिस नाशिकला पंचवटीत, सभासद बहुतेक निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यातले, म्हणजे पीक कुठलं ते सांगायला नको. लासलगाव, पिंपळगाव वगैरे बाजार समित्यांच्या आवकेचा मासिक रिपोर्ट माझ्याकडे असतो, तो संचालकांना जातो आणि बँकेलाही जातो. एक्सेलमध्ये मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना टाकायची, एवढंच चालायचं. पण कांद्यात ती तुलना दिवाळीपाशी हमखास फसते. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. दिवाळीत लिलाव आठवडाभर, कधी त्याहून जास्त बंद असतात, म्हणजे एका वर्षी बंद दिवसांचा मोठा हिस्सा नोव्हेंबरात आणि दुसऱ्या वर्षी सगळेच्या सगळे ऑक्टोबरात. नुसत्या एवढ्या कारणाने ऑक्टोबर पडलेला दिसणार आणि नोव्हेंबर चढलेला, आणि बैठकीत लगेच सुरू, एक म्हणणार पावसाने माल गेला, दुसरा म्हणणार कांदा साठवायच्या चाळीत दाबून ठेवलाय. दोन्ही खरं असू शकतं हो, पण आधी दिवाळी बाजूला काढल्याशिवाय कळणार कसं?

तर हे बाजूला काढायचं काम हे सॉफ्टवेअर करतं. आकड्यांच्या मालिकेतून हंगामाचा भाग, सणसुट्ट्यांचा भाग, एखाद्या महिन्यातला अपघात वेगवेगळा काढून देतं, मग जे उरतं ते या महिन्याचं मागच्या महिन्याशी सरळ लावून बघता येतं. फुकट आहे, कोड सगळा उघडा आहे. लॉगिन नाही, आकडे कुठल्या सर्व्हरवर चढत नाहीत, आमच्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतं, फक्त जावा लागतं.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे कोणी आणि कसं बनवलं ते. कुठल्या कंपनीचं प्रॉडक्ट नाही हे. बेल्जियमच्या नॅशनल बँकेने लिहिलं, जर्मनीची बुंडेसबँक सोबत, युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाचा, म्हणजे युरोस्टॅटचा पाठिंबा, आणि २ फेब्रुवारी २०१५ पासून युरोपातल्या सांख्यिकी कार्यालयांना आणि केंद्रीय बँकांना अधिकृतपणे हेच वापरा अशी शिफारस आहे. आतमधल्या पद्धती तर त्याहून जुन्या. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोने १९६५ ला हंगाम वेगळा काढायची एक्स-११ ही पद्धत काढली, कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने तिला मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणारं अरिमा मॉडेल जोडलं, ते अमेरिकेने परत उचलून एक्स-१२ केलं, तिकडे स्पेनच्या बँकेत ट्रॅमो-सीट्स नावाची वेगळीच पद्धत तयार झाली, मग अमेरिकेने सीट्स पण आत घेऊन एक्स-१३ केलं. जेडेमेट्रात दोन्ही घराणी शेजारी शेजारी आहेत, तीच मालिका एकदा इकडून एकदा तिकडून काढा आणि ताडून बघा. एवढ्या देशांनी एकमेकांचं काम उचलायचं, सुधारून परत टाकायचं, हे का केलं असेल तर साधं कारण आहे, प्रत्येकाने आपापलं वेगळं गणित लावलं तर बेल्जियमचा आकडा जर्मनीच्या आकड्याशी लावताच येणार नाही. आणि रचनाही तशीच केलीय, गाभा एक, बाकीच्यांनी आपल्याला हवं ते प्लगइन, म्हणजे जोडभाग, करून त्यात बसवायचं. आपल्याकडे एकाच आकड्याची तीन पोर्टलं आणि तिन्हीच्या एक्सेल वेगळ्या, त्यामुळे मला जरा हेवाच वाटला.

पण ज्यांनी बनवलं त्यांचे सण आत आहेत. ईस्टर तयार मिळतो, टिक करा की झालं. दिवाळी नाही. कॅलेंडर स्वतः बनवता येतं, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठरलेल्या तारखा त्यात टाकता येतात, ईस्टरच्या आगेमागे इतके दिवस असंही टाकता येतं, पण तिथीने येणाऱ्या सणाला तिथे जागा नाही. सुरुवातीला इथे माझा मूड गेला होता, म्हटलं एवढं शिकून उपयोग काय. पण रस्ता आहे, आणि एकदा केलं की काम संपतं, म्हणून नीट सांगतो.

दिवाळीची वेगळी मालिका आपण बनवायची. बंद दिवसांची एक खिडकी धरा, मी धनत्रयोदशीपासून नऊ दिवस धरले, तुमच्या समितीत कमीजास्त असेल. मग प्रत्येक वर्षी त्या नवातले किती दिवस कुठल्या महिन्यात पडतात तो हिस्सा लिहायचा. २०२४ ला धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, म्हणून तीन दिवस ऑक्टोबरात आणि सहा नोव्हेंबरात, म्हणजे ऑक्टोबरला ०.३३ आणि नोव्हेंबरला ०.६७. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं तर ऑक्टोबरला पूर्ण १, २०२३ ला अधिक श्रावणामुळे दिवाळी १२ नोव्हेंबरला सरकली तर नोव्हेंबरला पूर्ण १. बाकी दहा महिन्यांना शून्य. मग ऑक्टोबरच्या सगळ्या वर्षांची सरासरी ऑक्टोबरमधून वजा करायची, नोव्हेंबरची नोव्हेंबरमधून, नाहीतर दिवाळीचा जो भाग दरवर्षी असतोच तो हंगामात जायचा सोडून इथे येऊन बसतो. सरासरी काढायला पंधरावीस वर्षांच्या तारखा घ्या, पंचांगातून किंवा जुन्या कॅलेंडरांतून मिळतात, चारपाच वर्षांवर काढलेली सरासरी कामाची नाही कारण अधिक महिन्यांचं चक्रच त्यात पूर्ण बसत नाही.

ही मालिका युटिलिटीजमधल्या व्हेरिएबल्समध्ये ओढून टाकायची, मग स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे मालिकेवर काय काय करायचं त्या सेटिंगच्या संचात, रिग्रेशनखाली जोडायची आणि तिचा परिणाम कशात धरायचा असं विचारतं तिथे कॅलेंडर निवडायचं. आणि या मालिकेत पुढच्या वर्षाचे हिस्से आधीच भरून ठेवायचे, कारण सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यांचा अंदाज आतल्या आत काढतं आणि त्याला तिथेही दिवाळी लागते. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे सगळं नोव्हेंबरात.

अमावस्येचंही असंच. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत बऱ्याच ठिकाणी होती, काही ठिकाणी ती मोडली, आणि सॉफ्टवेअरला सोमवार मंगळवार कळतात, अमावस्या कशी कळणार. मी त्यापेक्षा सोपं केलं, महिन्यात प्रत्यक्ष लिलाव किती दिवस झाले त्याचीच एक मालिका केली, फक्त त्यात दिवाळीचे बंद दिवस चालू धरले म्हणजे तोच परिणाम दोनदा मोजला जात नाही. मार्चअखेरीला हिशोबासाठी बाजार बंद असतात त्याची मात्र चिंता करायची नाही, ते दरवर्षी त्याच सुमाराला येतं आणि हंगामातच धरलं जातं. जे सरकतं त्याचीच वेगळी सोय लागते.

आता अपघाताचे महिने. सॉफ्टवेअर ते स्वतः शोधतं आणि चांगलं शोधतं, पण कांद्यात मी त्याच्यावर सोडत नाही, कारणं आपल्याला माहिती असतात ना. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या वादात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी २० तारखेपासून लिलाव बंद ठेवले होते, तो महिना मी हाताने खूण करून ठेवला, एका महिन्यापुरता धक्का म्हणून. एप्रिल २०२० तसाच. आणि डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी भावाच्या मालिकेत पातळी बदलल्याची खूण म्हणून टाकली कारण ती मे २०२४ पर्यंत होती आणि उठली तरी ४० टक्के शुल्क मागे होतंच, ते सप्टेंबरात २० झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं.

इथेच माझं सगळ्यात महत्त्वाचं मत. आवकेसाठी हे वापरा, भावासाठी जपून. आवकेला हंगाम आहे, खरीपाचा लाल, मग रांगडा, मग उन्हाळ, चाळीतला माल दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून काढायचा, हा क्रम पावसाने पुढेमागे झाला तरी मोडत नाही. भावाला हंगामापेक्षा दिल्लीची अधिसूचना जास्त हलवते. भावाची मालिका टाकली की दर्जाचे निकष लगेच नाक मुरडतात, एम-७ नावाचा एक आकडा असतो, तो १ च्या वर गेला की समजायचं हंगाम ओळखण्याइतका स्पष्ट नाही. अशा वेळी तरीही दुरुस्त केलेली रेघ रिपोर्टात छापायची म्हणजे लोकांना फसवणं आहे, मी भावाचा मूळ आकडाच देतो.

त्रास काय काय आहे? इंग्रजी. सगळं इंग्रजीत आणि तेही आकडेशास्त्राच्या इंग्रजीत, पहिल्यांदा उघडलं की डावीकडे फोल्डरांचं झाड, मध्ये पन्नास टॅब, काय दाबावं सुधरत नाही. तयार स्पेसिफिकेशनची नावं आरएसए-थ्री, आरएसए-फोर-सी अशी, नावावरून काही बोध होत नाही, एक्स-१३ मध्ये फोर-सी पासून सुरू करा एवढं सांगतो, पण त्यात ईस्टर आहे तो काढून टाका, आपल्या बाजाराला त्याचं काय. एक्सेल देताना तारखेचा कॉलम खरोखर तारखेच्या फॉरमॅटमध्येच हवा. ज्या पोर्टलवरून मी आवक उतरवतो तिथे तारीख मजकूर म्हणून येते आणि मधेच एखादा महिना गायबच असतो, ते आधी साफ करायला जेवढा वेळ जातो तेवढा जेडेमेट्रात जात नाही. आणि छोट्या उपबाजारात एखाद्या महिन्यात आवक शून्य असेल तर लॉग (लॉगरिदम) घेता येत नाही, म्हणून गुणाकाराचं मॉडेल चालत नाही, तिथे बेरजेचं मॉडेलच घ्यावं लागतं. कमीत कमी पाच वर्षांचे मासिक आकडे नसतील तर याच्या वाटेला जाऊच नका असं माझं मत.

एकदा बसवलं की मात्र मजा आहे. सगळ्या बाजार समित्या एकाच मल्टिप्रोसेसिंगमध्ये, म्हणजे अनेक मालिका एकत्र चालवायच्या यादीत, ठेवल्यात, नवीन महिना एक्सेलमध्ये भरला की रिफ्रेश, प्रत्येक मालिकेपुढे चांगलं, शंकास्पद, वाईट असा शेरा येतो, वाईट असेल तीच उघडून बघायची. मॉडेल दर महिन्याला नव्याने शोधू देऊ नका, वर्षातून एकदा बघा, नाहीतर मागचे छापलेले आकडे दर महिन्याला हलतात आणि संचालक विचारतात मागच्या वेळी वेगळं कसं होतं. याबाबत युरोस्टॅटच्या मार्गदर्शक सूचना वाचण्यासारख्या आहेत, कोरड्या आहेत पण प्रामाणिक आहेत. ज्यांना आर ही आकडेशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा येते त्यांनी फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेत तयार झालेलं आरजेडेमेट्रा बघा, तेच इंजिन, माऊस न हलवता. नव्या तिसऱ्या आवृत्तीची आरमधली पॅकेजं वापरायची तर जावा १७ किंवा वरचं टाका.

दिवाळीची फाइल कोणाला हवी असेल तर कळवा, २०३० पर्यंत भरून ठेवलीय. बंद दिवसांची खिडकी मात्र तुमच्या बाजार समितीच्या नोटीशी बघून तुम्हीच बदला, नऊ दिवस सगळीकडे नसतात.