घरच्या रुग्णासाठी एअर बेड: काय जमतं, काय जमत नाही

शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरचं निदान अचानक समोर आलं की नवरा किंवा बायको औषधांच्या, रिपोर्टच्या मागे धावते. गादीची आठवण माकडहाडावर कातडी लाल झाल्यावर येते, आणि तोवर उशीर झालेला असतो. रुग्णाचा बराचसा दिवस अंथरुणात जाऊ लागला, वजन उतरून हाडं वर आली, की एअर बेड आणावा. विकत नको असेल तर भाड्याने आणा, पण आणा.

हे परीक्षण फुग्यांच्या साध्या एअर बेडचं आहे: पीव्हीसीची गादी, छोटा पंप, दोन नळ्या. अर्धे फुगे भरतात तेव्हा अर्धे सैल पडतात, आणि साधारण 10 मिनिटांनी पाळी बदलते. एकाच जागेवर सतत दाब राहत नाही, म्हणून तिथलं रक्त अडत नाही.

हा बेड नेहमीच्या गादीवरच अंथरायचा, फळीवर नाही. नळ्या पायांकडे ठेवायच्या. टोकाच्या पट्ट्या खालच्या गादीखाली घट्ट खोचा, नाहीतर रुग्णासोबत बेडही सरकतो. पंप जमिनीवर ठेवायचा असेल तर खाली टॉवेलची घडी घाला. रात्रीची घरघर कमी होते. फुगे भरत नसतील तर आधी पलंग आणि भिंतीमध्ये नळी दुमडली आहे का ते पाहा. बेड पूर्ण भरल्याशिवाय रुग्णाला त्यावर निजवू नका.

दाबाचं बटण वजनाप्रमाणे लावतात. बेड कडक केला की जास्त आधार मिळतो असं वाटतं, पण त्याने नेमका उपयोगच जातो. परीक्षा सोपी आहे. तळहात वर करून बेडखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवा. मध्ये किमान 2.5 सेंटीमीटर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर दाब वाढवा. वर एकच सुती चादर, सैल. रबरी कापड, दुहेरी चादर, जाड गोधडी यांनी फुग्यांचं काम अंगापर्यंत पोचतच नाही.

खरी उणीव इथे आहे: एअर बेड कूस बदलून देत नाही. तो आहे म्हणून रुग्णाला तासन् तास उताणं ठेवलं, तर सतत दाबाने होणारी जखम (बेडसोर) होणारच. सुरुवातीला दर 2 तासांनी कूस बदला. कातडी टिकते आहे असं दिसलं तर हळूहळू 4 तासांपर्यंत जाता येतं. पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन 30 अंश कललेलं पुरतं. टाचांना हा बेड फारसा वाचवत नाही, म्हणून पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. एकट्याने वळवताना रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडा, एक हात खांद्यावर, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे वळवा. ओढू नका, कातडी घासून सोलते. हलवताना दुखत असेल, तर डॉक्टरांनी गरजेनुसार घ्यायला दिलेला मॉर्फिनचा डोस अर्धा तास आधी द्या.

लाल जागा बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर ती फिकी न पडता लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे. तिथे चोळायचं नाही, तिथे भार द्यायचा नाही, आणि नर्सला त्याच दिवशी कळवायचं.

कॅन्सर मणक्यात पसरला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेड वापरू नये. जो अजून स्वतः कूस बदलतो, उठून संडासला जातो, त्याला चांगली फोमची गादी बरी. एअर बेडची मऊ कड उठताना आधार देत नाही. काहींना फुग्यांच्या हालचालीने मळमळतं. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, त्या वेळात कूस लवकर बदला. सुई, पिन, नख यांनी पंक्चर होतं.

एका गोष्टीचा विचार फार कमी घरांत होतो. हा बेड एका माणसाच्या रुंदीचा असतो, म्हणून डबल बेडच्या अर्ध्या भागावर बसतो. दुसऱ्या अर्ध्यावर घोंगड्या घालून उंची सारखी केली की जोडीदाराला शेजारी, हातात हात घेऊन झोपता येतं. निदानानंतर रुग्णाला घाईने वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर हलवण्याआधी हे करून पाहा.

अगदी शेवटच्या दिवसांत कातडी कितीही जपली तरी फाटू शकते. ती निष्काळजीची खूण नव्हे. पंप चालू राहू द्या, कूस मात्र रुग्णाला बरं वाटेल तेवढीच बदला.