एमकॅट, यूएसएमएलई : एकट्याची शिकवणी, गटवर्ग की नुसता प्रश्नसंच?

आधी स्वतःची एक झाडाझडती घ्या. मागच्या सराव परीक्षेतली चुकलेली उत्तरं काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: विषय येत नव्हता, की येत असूनही चुकलं? एमकॅट म्हणजे अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा, यूएसएमएलई म्हणजे तिथे डॉक्टरकी करायच्या परवान्याची परीक्षा. मी या दोन्ही परीक्षांची मुलं शिकवते. कशावर पैसे घालायचे, ते बहुतेक वेळा या कागदावरूनच ठरतं.

विषयच कच्चा असेल तर गटवर्ग पुरे. वेळापत्रक बांधलेलं असतं, अभ्यासक्रम वेळेत संपतो. मात्र वर्ग तुमच्यासाठी थांबत नाही, हे धरून चाला.

विषय वाचून झालाय पण आठवत नाही, त्यांनी प्रश्नसंचच घ्यावा. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवडाभराने आठवून लिहिणारे बाजी मारतात. हे काम तुमच्यासाठी कुठलाही शिक्षक करू शकत नाही.

येत असूनही चुकणाऱ्यांना मात्र समोर बसणारं माणूस लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीपुढे प्रश्न होता: तरुण रुग्ण, आठवड्यापूर्वी सर्दी, छातीत टोचल्यासारखं दुखतंय, पुढे वाकलं की बरं वाटतं, ईसीजीत जवळपास सगळ्या लीडमध्ये (म्हणजे आलेखाच्या सगळ्या पट्ट्यांत) एसटी हा भाग वर उचललेला. तिने हृदयविकाराचा झटका निवडला. बरोबर उत्तर होतं पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाची सूज. पेरिकार्डायटिसची लक्षणं विचारली तर घडाघडा सांगितली! मग प्रश्न मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा कळलं की ईसीजीची ओळ दिसताच तिने आधीचं सगळं सोडून दिलं होतं. अशा मुलीला पेरिकार्डायटिसवरचं आणखी एक व्याख्यान देऊन काय उपयोग?

एमकॅटमध्ये हीच गोष्ट कार्स, म्हणजे उतारा वाचून विचार करण्याच्या विभागात दिसते. 90 मिनिटांत 53 प्रश्न, आणि उत्तरं फक्त उताऱ्यातून काढायची. बाहेरचं ज्ञान लागत नाही. चारही विभागांना सारखंच वजन, प्रत्येकी 118 ते 132 गुण. म्हणून शिकवणीचे मोजकेच तास परवडत असतील तर ते कार्सला द्या, जीवशास्त्र वर्गातही होतं.

यूएसएमएलईत स्टेप 1 चा, म्हणजे मूलभूत विषयांच्या पहिल्या टप्प्याचा निकाल 26 जानेवारी 2022 पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. सराव चाचण्यांत सहज उत्तीर्ण होत असाल तर तिथे शिकवणी लावू नका, ते पैसे स्टेप 2 सीके, म्हणजे रुग्णोपचारांच्या ज्ञानाच्या पुढच्या टप्प्यासाठी राखा. तिथे अजून अंकांत गुण मिळतात, आणि एकदा उत्तीर्ण झालात की गुण वाढवायला परत बसता येत नाही. नापास झालेला प्रयत्नही गुणपत्रकावर राहतो, तेव्हा 'बसून तर बघू' असं करू नका.

शिक्षक निवडताना त्यांचे स्वतःचे गुण मी शेवटी विचारीन. पहिल्या तासाला तुमचे दहा चुकलेले प्रश्न घेऊन जा आणि जास्त कोण बोलतंय ते बघा. तासभर तेच बोलत राहिले तर ते महागडं व्याख्यान झालं. 'हा पर्याय का सोडलास?' असं विचारून तुमचं उत्तर येईपर्यंत गप्प राहणारा शिक्षक मिळाला तर धरून ठेवा. आणि परीक्षेतले खरे प्रश्न देतो म्हणणाऱ्याकडून लगेच उठा. तो नियमभंग आहे, त्यात तुमचा निकाल रद्द होऊ शकतो.