इस्रायल आळीतील प्रार्थनालय: नाशिकहून केलेली एक वारसा सहल

नाशिकहून अलिबागला नेणाऱ्या सहली कमी नाहीत. मात्र तेथील मागेन आबोथ या जुन्या ज्यू प्रार्थनालयासाठी काढलेली सहल मी प्रथमच पाहिली आणि म्हणूनच नाव नोंदवले. पहाटे साडेचारला मुंबई नाक्यावरून निघालेली बस कसारा घाट, पनवेल, पेण या मार्गाने सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर कापून दहाच्या सुमारास पोहोचली. बस स्वच्छ होती, चालक सावध होता आणि न्याहारी वेळेवर मिळाली. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

काळारामाचा काळा पाषाण आणि उंच शिखर डोळ्यांत घेऊन वाढलेल्या नाशिककराला इस्रायल आळीतील ही वास्तू पाहताना नजर थोडी बदलावी लागते. १८४८ साली उभारलेल्या आणि १९१० साली नव्याने बांधलेल्या या प्रार्थनालयाला शिखर नाही, आत मूर्ती नाही. मध्यभागी पठणासाठी उंच केलेला चौथरा आणि तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट यांभोवती सारी मांडणी फिरते. उपासना जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, तोंड करून होते. आमच्या मार्गदर्शकांनी हे सर्व घाई न करता समजावले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणात स्थायिक झालेले मराठी भाषक ज्यू लोक, आपल्या प्रार्थनालयाला पूर्वी ‘मशीद’ म्हणत आणि मुंबईतील त्यांचे १७९६ चे पहिले प्रार्थनालय ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाई, हे ऐकून बसमधील अर्धी मंडळी चकित झाली.

गावोगावी तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगाव, दिवे, पेण, रोहे या गावांवरून त्यांची नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली. ही यादी वाचून दाखवताच सहप्रवासी आपापल्या ओळखीची आडनावे आठवू लागले, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातील सर्वांत जिवंत क्षण तोच होता.

एका बाबतीत मात्र मार्गदर्शकांशी माझा मतभेद आहे. नवगावजवळ बेने इस्रायलींच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही समाजाने जपलेली परंपरा आहे. ती त्यांनी नेमके वर्ष सांगून सिद्ध इतिहासाप्रमाणे मांडली. परंपरा परंपरा म्हणून सांगितली असती, तरी तिचे मोल तसूभरही कमी झाले नसते.

खरी तक्रार वेळेची आहे. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी गाठावी लागते. ती गाठण्याच्या धांदलीत प्रार्थनालयासाठी जेमतेम चाळीस मिनिटे उरली. इस्रायलची स्थापना झाल्यावर १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष अनेक गावांत जमेनासे झाले, हा इतिहासातील सर्वांत हळवा भाग आम्हाला बसकडे चालता चालता ऐकावा लागला. जाहिरातीत मलिदा या त्यांच्या धार्मिक नैवेद्याची ‘चव’ कबूल केली होती, तीही मिळाली नाही. अर्थात गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने नवसपूर्तीला किंवा मंगलप्रसंगी मांडतात, त्यामुळे तो पर्यटकांपुढे नाश्त्यासारखा ठेवला गेला नाही, हे बरेच झाले. अशी जाहिरात करणेच गैर होते.

पनवेलचे १८४९ सालचे बेथ एल प्रार्थनालय वाटेवरच होते, तरी बस तेथे थांबली नाही. पुढील खेपेस किल्ला वगळून तो वेळ पनवेल आणि इस्रायल आळी या दोन ठिकाणी वाटावा, असे मी संयोजकांना कळवले आहे. सहल शनिवारी न ठेवता रविवारी ठेवण्याचे त्यांचे भान मात्र योग्यच होते.